मर्ल हॅबेनच्या नावावर काही नाही

“ठोका, कोणीही माझ्यावर दावा ठोका!” मर्ल हॅबेनने कॉफीचा मग टेबलावर आपटून जाहीर केलं. “कुणाच्या हाती काही लागणार नाही. माझ्या नावावर काहीच नाही!”

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या त्या हमरस्त्यावरच्या खाणावळीत सकाळी जमणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरांनी माना वर केल्या. नावावर काही नसण्याचा एवढा अभिमान त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या नावावरही काही नव्हतं, पण ते बिचारे गप्प बसत.

“ट्रक?” क्लेटने विचारलं. क्लेट हा मर्लचा जुना दोस्त. मर्लची खोड काढल्याशिवाय त्याला नाश्ता पचत नसे.

“कंपनीचा.”

“कंपनी कुणाची?”

“माझी. पण कंपनी म्हणजे मी नव्हे! तिथंच तर गंमत आहे, लेका!”

“आणि घर?”

“ट्वायलाच्या नावावर करून टाकलं.”

“म्हणजे बायको घरात आणि तू रस्त्यावर.”

“ड्रायव्हर रस्त्यावरच असतो रे!” मर्ल म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की कॉफी नाकात गेली.

यामागे भीती होती, हे तो कुणाला सांगत नसे. त्याच्या ओळखीच्या एका ट्रकमालकाने धुक्यात पुढच्या गाडीला ठोकलं होतं आणि समोरच्या पक्षाच्या वकिलाने त्याचं राहतं घर विकायला लावलं होतं. मर्लने त्याच आठवड्यात गावातल्या प्रुइटबाईंचं दार ठोठावलं. बाई गावातल्या सगळ्या ट्रकवाल्यांचे हिशेब आणि कर बघत.

“एलएलसी काढा,” बाई म्हणाल्या. “मर्यादित जबाबदारीची कंपनी. ट्रक कंपनीचा, धंदा कंपनीचा, धंद्यातली देणीही कंपनीची. तुमच्या घराच्या आणि ट्रकच्या मध्ये एक भिंत उभी राहते असं समजा. मात्र वर्षातून एकदा कंपनीची बैठक घ्या, ठराव करा, सगळं रेकॉर्ड करून ठेवा. कंपनी खरी दिसली पाहिजे. आणि मर्ल, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा...”

पण मर्लने टोपी डोक्यावर चढवली होती. भिंत म्हटल्यावर पुढचं ऐकायची त्याला गरज वाटली नाही.

त्यातून कराचं जुनं दुखणं होतंच. नोकरदाराच्या निवृत्तिवेतनासाठीचा कर अर्धा तो भरतो आणि अर्धा त्याचा मालक. स्वतःचा ट्रक चालवणारा मालकही तोच आणि नोकरही तोच, म्हणून दोन्ही वाटे त्याच्याच खिशातून जातात. दरवर्षी एप्रिलमध्ये, कर भरायची वेळ आली की, मर्लच्या नाकाला मिरच्या झोंबत. “सरकार मला दोन माणसं धरतं ना? मग मी दोन माणसं होऊनच दाखवतो!” असं तो म्हणाला, आणि दुर्दैवाने त्याने शब्द पाळला.

त्या दिवसापासून हॅबेनांच्या घरात तिसरं माणूस राहायला आलं. ते म्हणजे कंपनी.

“मर्ल, सिंकखालची फळी पार कुजलीये,” ट्वायला म्हणायची. “कपाटाचं दार मी दोरीने बांधून ठेवलंय. किती वर्षं सांगतेय!”

“कंपनीशी बोलावं लागेल.”

“बोल ना मग! तुझ्याच टोपीखाली बसलीये ती!”

“तसं चालत नाही, ट्वायला. रीतसर मागणी यावी लागते.”

ट्वायलाने रीतसर मागणी केली. बिचारीने चांगले कपडे घालून, हसत हसत केली. तिला वाटलं, नवऱ्याचा खेळ आहे, खेळू या थोडा. तेवढ्यात कंपनीने ट्रकला क्रोमचा नवा चकचकीत बंपर बसवून घेतला, आणि ट्वायलाचं हसू मावळलं.

मग आला वार्षिक बैठकीचा रविवार. चर्चहून आल्यावर ट्वायला स्वयंपाकाला लागली आणि मर्ल फोन घेऊन ट्रककडे निघाला. ट्रक घरामागच्या चढावर उभा असे, तोंड घराकडे करून. मर्लने फोन रेकॉर्डिंगला लावला आणि तो ड्रायव्हरच्या जागेवर ताठ बसला. ही अध्यक्षांची खुर्ची. शेजारची जागा नोकराची. बोलायची पाळी बदलली की मर्ल उठून तिकडे सरकायचा. मर्लचं पोट लक्षात घेता ही काही साधी गोष्ट नव्हती.

“हॅबेन हॉलिंग कंपनीची बैठक सुरू होत आहे,” अध्यक्ष म्हणाले. “पहिला विषय, ट्वायला हॅबेन यांच्या स्वयंपाकघराची दुरुस्ती.”

धापा टाकत मर्ल पलीकडे सरकला. “साहेब, बाई फार दिवस मागतायत,” नोकर म्हणाला. “पण टायरही झिजलेत.”

पुन्हा अलीकडे. “मागणी फेटाळण्यात येत आहे. एकमताने!”

“दुसरा विषय, सुरक्षितता,” अध्यक्ष पुढे म्हणाले. “आमचा ड्रायव्हर अत्यंत जबाबदार आहे, याची कंपनी नोंद घेते.”

एवढं कौतुक ऐकून नोकराला राहवलं नाही. आभार मानायला मर्ल घाईने पलीकडे निघाला आणि त्याचा गुडघा समोरच्या पिवळ्या बटणावर आदळला. ट्रकवाल्यांची लहान पोरंही जाणतात की ते पिवळं बटण बाहेर ओढलं की ट्रक जागेवर थांबतो आणि आत दाबलं की चाकं मोकळी होतात. फुस्स करून हवा सुटली.

“यंदा एकही अपघात नाही, साहेब!” असं म्हणत मर्ल नोकराच्या जागेवर टेकला, आणि ट्रक चालू लागला.

“ब्रेक! अहो, ब्रेक!” नोकर ओरडला. अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती. मर्लने तिकडे झेप घेतली, पण पोट मध्येच अडकलं. तोवर ट्रक उतार संपवून, भिंत फोडून थेट स्वयंपाकघरात घुसला.

ट्वायला तळघरात लोणच्याची बरणी आणायला गेली होती, म्हणून वाचली. ती वर आली तेव्हा तिच्या शेगडीच्या जागी नवं क्रोम चकाकत होतं. तिने सगळं नीट पाहून घेतलं.

“कंपनी जेवायला आली वाटतं,” ती म्हणाली.

घराच्या विम्याने ट्रकच्या विम्याकडे बोट दाखवलं. ट्रकच्या विम्याचा ओगार्ड नावाचा माणूस फुटक्या भिंतीवरची ताडपत्री बाजूला सारून आत आला.

“गाडी कोण चालवत होतं?”

“कुणीच नाही,” मर्ल म्हणाला. “मी नोकराच्या जागेवर होतो.”

“मग चालकाच्या जागेवर?”

“अध्यक्ष. म्हणजे मीच. पण ते तेव्हा उठले होते.”

ओगार्डने पेन खाली ठेवलं. “हे बघा, मालकाच्या गाडीने मालकाचंच घर पाडलं तर आम्ही देत नाही.”

“घर माझ्या नावावर आहे,” ट्वायला म्हणाली.

“मग बाई, तुम्ही कंपनीवर दावा लावा. आणि त्या बैठकीचं रेकॉर्डिंग आहे म्हणता, तेवढं ऐकवा.”

मर्लने घाईने खिसे चाचपले. पण फोन ट्वायलाच्या हातात होता. तिने पहिल्यापासून ऐकलं. ‘एकमताने’ हा शब्द आला तेव्हा तिने मर्लकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मर्लला बरं वाटलं असतं. राग नव्हता. इतकी वर्षं आपण कुणाकडे मागत होतो, हे तिला आत्ता कळलं होतं.

“तू माझ्यावर दावा लावणार?” मर्लने विचारलं.

“तुझ्यावर कुठे? कंपनीवर. कंपनी म्हणजे तू नव्हेस ना!”

ट्वायला जिंकली. नवी कपाटं आली, नवी शेगडी आली, दारं अशी बसली की बोटाने बंद व्हावीत. विम्याने सगळे पैसे दिले आणि पुढच्या वर्षी कंपनीचा विमा उतरवायला साफ नकार दिला. दुसरं कुणी परवडेल असा विमा देईना. विम्याशिवाय ट्रक रस्त्यावर येत नाही. तो विकला, त्याचं कर्ज फेडलं आणि कंपनी गुंडाळली. मोठ्या वाहतूकवाल्यांकडे मर्ल नोकरी मागायला गेला, तर ते त्याचं नाव तपासत, अपघाताची नोंद बघत आणि दार दाखवत.

“तेच तुम्हाला सांगत होते,” प्रुइटबाई म्हणाल्या. “ती भिंत धंद्याच्या देण्यापासून वाचवते. माणसाने स्वतः केलेली चूक त्या माणसाच्याच नावावर राहते.”

आता घरी जेवायला बसताना मर्ल आधी ‘बसू का?’ असं विचारतो. ट्वायला हो म्हणते, पण लगेच म्हणत नाही.

परवा तो पुन्हा त्या खाणावळीत गेला. क्लेटने लांबूनच आरोळी ठोकली, “काय मालक! अजून नावावर काही नाही ना?”

“आहे की,” मर्ल म्हणाला. “चूक. ती पूर्ण माझ्याच नावावर आहे.”

 क्लेटने आपली अ‍ॅपल पायची बशी हळूच मर्लपुढे सरकवली. क्लेटला खोड काढवली नाही, तेव्हा कुठे मर्लला आपली अवस्था खरोखर किती वाईट आहे ते कळलं.