भाऊरावजी आणि आमची सामाईक भिंत

शेजारी पहिल्यांदा घरी येतो तो दारातून. भाऊरावजी आमच्याकडे पहिल्यांदा आले ते भिंतीतून.

सकाळची वेळ. माझी बायको मंदा वरणाला फोडणी देत होती. शेगडीच्या वर भिंतीत ठकठक झाली, एक अख्खी वीट सुटली आणि थेट वरणाच्या पातेल्यात पडली. मंदा किंचाळली. मी अर्धी दाढी टाकून धावलो. धूळ खाली बसल्यावर भोकात आधी पांढऱ्या मिशा दिसल्या, मग भाऊरावजी.

"घाबरू नोका," ते म्हणाले. "मीच हाव."

मी या इमारतीचा सेक्रेटरी. कारंज्यातल्या आमच्या तीन मजली अपार्टमेंटमध्ये खिडकीची जाळी बदलायची तरी माझी परवानगी लागते. आणि इथे माझ्याच भिंतीला भोक!

भाऊरावजी मूळ आसेगावचे शेतकरी. पुण्याच्या मुलाने आईवडिलांसाठी आमच्या शेजारचा फ्लॅट घेऊन दिला. आल्या आल्या यांनी स्वयंपाकघराची फरशी खोदून दगडी उखळ बसवलं, तेव्हा खालच्या देशमुखांच्या छताचं प्लास्टर त्यांच्या पोह्यांत पडलं. मग गावाकडची बाज जिन्यातून वर येईना, म्हणून गॅलरीचा कठडा फोडून ती दोरांनी ओढून घेतली. जाब विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं. "भित म्हंजे का सरहद्द हाय का, सेक्रेटरी?"

भोकानंतर मात्र आम्ही कोर्टात गेलो.

पहिल्या तारखेला मी खाली ऑटो शोधत होतो, तर हे एका ऑटोत आधीच बसलेले. "या, सेक्रेटरी. आपल्याले एकाच ठिकानी जाचं हाय, मंग दोन ऑटो कायले?" वादी आणि प्रतिवादी मांडीला मांडी लावून निघाले. कोर्टाच्या आवारात त्यांनी भाकर-ठेचा सोडला आणि अर्धी भाकर माझ्या वकिलापुढे धरली. वकिलाने ती खाल्ली. माझ्या देखत!

"भिंत का फोडली?" जजसाहेबांनी विचारलं.

"हवा येते," भाऊरावजी म्हणाले.

मला राहवेना. "साहेब, पलीकडे माझं स्वयंपाकघर आहे. तिथून कसली हवा येणार?"

"फोडनीची येते."

पुढची तोडफोड थांबावी म्हणून आमच्या वकिलाने 'जैसे थे'चा हुकूम मिळवला. मी इमारतीत पेढे वाटले आणि लगेच भोक बुजवायला गवंडी बोलावला. त्याने थापी काढली, तोच भोकातून आवाज आला, "सेक्रेटरी, जैसे थे!" मी तडक वकिलाला फोन लावला. म्हातारा बरोबर बोलत होता. हुकूम भिंतीला लागू होता तसा भोकालाही होता, आणि तो आम्हीच मागून घेतला होता. मी चरफडत त्या भोकावर कॅलेंडर टांगलं.

ते कॅलेंडर अधूनमधून हलायचं. हवा येते की काय खरंच, असं मला वाटे. मंदाची भोकाबद्दलची तक्रारही हळूहळू बंद झाली होती. भाऊरावजींची बायको काशीबाई फारशी कुणाला दिसत नसे. दिसली तरी बोलत नसे. बाईला घमेंड आहे, असं जिन्यात सगळे म्हणत.

शेवटी भोकाची पाहणी करायला कोर्टाने नेमलेले कमिशनर आले. मंदा नेमकी रिठदला माहेरी गेलेली. मी मोठ्या ऐटीत कॅलेंडर उतरवलं. कमिशनर फीत लावून भोक मोजू लागले आणि पलीकडून एक सुरकुतलेला हात आत आला. हातात रिकामी वाटी.

"शांते, इरजन दे वं जरासं. दूध निवून राह्यलं."

कमिशनर दचकून मागे सरले. मीही हादरलो. आमच्या घरात शांता नावाचं कुणी नाही.

"शांते, बोलत काहून नाई वं?" आवाज रडवेला झाला.

मी वाकून पाहिलं. काशीबाईंच्या पाठीवर हात ठेवून भाऊरावजी उभे होते. चेहऱ्यावर सरहद्द नाही, हवा नाही, काही नाही.

"द्या ना, सेक्रेटरी," ते हळूच म्हणाले. "मंदाबाई रोज देते."

रोज! माझ्या फ्रिजमधून, माझ्याच प्रतिवादीला! मी विचारलं, "ही शांता कोण?"

"माह्या भावाची बायको. आमी भावाभावानं घर वाटून घेतलं, मंधात भित घातली. पन चुलीपाशी खिडकी ठेवली, जावाजावाले चुलीतला इस्तू, इरजन द्याले. शांताले जाऊन लय दिवस झाले. हिले आता कायचीच याद नाई. इथं आली अन् दिवसभर भित चाचपे, शांताले हाका मारे. भित काय बोलते?"

"अहो, मग हे कोर्टात का नाही सांगितलंत?"

"चार लोकाइत तिचं काहून सांगू? मले येडा म्हनतेत त म्हनू द्या."

मी फ्रिज उघडला, विरजणाला चमचाभर दही वाटीत घातलं आणि जमेल तितक्या बारीक आवाजात म्हणालो, "घ्या, बाई."

हात जागच्या जागी थांबला. "पडसं झालं का वं तुले?"

"हो, बाई."

"काढा घे मंग." वाटी समाधानाने पलीकडे गेली.

कमिशनरांनी घसा खाकरला. "भोकाबद्दल तुमचं म्हणणं काय लिहू?"

"ही भिंत आमच्या दोघांच्या मधली आहे. तिच्यावर काही भार नाही, नुसत्या विटा आहेत. आमची हरकत नाही," मी म्हणालो. "चौकट मीच बसवून घेतो."

उखळ आणि कठड्याचा दावा अर्थात चालू आहे. त्यात मी माघार घेणार नाही, नाहीतर देशमुख मला जिन्यातही उभं करणार नाहीत. मागच्या तारखेलाही आम्ही एकाच ऑटोत होतो. कोर्टाचं फाटक दिसलं तसा भाऊरावजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सेक्रेटरी, उद्या मले काई झालं, त खिडकी बुजवसान त नाई ना?"

"जैसे थे," मी म्हणालो.