पट्ट्यासकट पहाड

सकाळी साडेसात वाजता, एका गालावर दाढीचा साबण वाळत असताना, पहाडाला कळून चुकलं की कमरेचा पट्टा काही निघत नाही.

पहाड हे त्याचं रिंगमधलं नाव. वय बावन्न, वजन एकशे अठरा किलो, आणि गेली चार वर्षं व्यावसायिक कुस्तीचा चॅम्पियन. या कुस्तीत कोण जिंकणार हे खेळाचे मालक महिनाभर आधी ठरवतात आणि दोघांना बोलावून सांगतात. प्रेक्षकांनाही ते ठाऊक असतं, तरी ते घसा बसेपर्यंत ओरडतात. पडणं मात्र खरं असतं. पाठ खरीच फळ्यांवर आपटते आणि दुसऱ्या दिवशी खरीच दुखते. आज संध्याकाळी पाच वाजता पहाडाने पडायचं होतं, आणि त्याचा पट्टा भूकंप नावाच्या जवान गड्याला मिळायचा होता.

"भूकंप येणार, पहाड पडणार" अशी पोस्टरं महिनाभर भिंतीभिंतींवर लागली होती. त्यांत दोघं एकमेकांचा गळा धरायला निघाले होते. पोस्टरवर एवढंच छापलेलं नव्हतं की भूकंप हा पहाडाच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे, घरी त्याला पिल्लू म्हणतात, त्याला पहिला डाव मामानेच शिकवला, आणि मामा-भाचे गेलं वर्षभर खरोखरच एकमेकांशी बोलत नाहीत.

चूक मामाची होती. वर्षापूर्वी मालकांनी विचारलं होतं, "तुझा भाचा पट्ट्यासाठी तयार आहे का?" पहाड म्हणाला होता, "गुडघा कच्चा आहे हो त्याचा. वर्षभर थांबा." गुडघा ठणठणीत होता. पहाडालाच आणखी एक वर्ष हवं होतं. मालकांनी ते उत्तर जसंच्या तसं पिल्लूला ऐकवलं, आणि त्या दिवसापासून पिल्लूने मामाचा उंबरा ओलांडला नाही. माफी मागावी असं पहाडाला रोज वाटे, पण उभ्या आयुष्यात त्याने ती कधी मागितली नव्हती, त्यामुळे सुरुवात कुठून करतात हेच त्याला माहीत नव्हतं.

शेवटी त्याने एक युक्ती काढली होती. एरवी हरलेल्याचा पट्टा पंच काढून घेतो. पहाडाने मालकांकडे शब्द टाकला होता की या वेळी मी स्वतः गुडघ्यावर बसेन, स्वतःच्या हाताने पट्टा सोडेन आणि पोराच्या हातात देईन. माफी म्हणून त्याच्याकडे तेवढंच होतं.

रिवाज असा की पट्टा चॅम्पियनच्याच घरी राहतो, आणि द्यायच्या दिवशी तो घासूनपुसून द्यायचा. पहाडाने पहाटे उठून पट्ट्याच्या पितळी चकत्या लख्ख केल्या. मग दाढी करता करता त्याला वाटलं, शेवटचं एकदा आरशात बघावं. पट्ट्याला पाठीमागे कळ होती, आणि कळीला पाच खाचा. चार वर्षांपूर्वी तो तिसऱ्या खाचेत बसायचा, हल्ली पहिल्या खाचेत कसाबसा. पहाडाने श्वास आत ओढला, पोट बरगड्यांखाली कोंबलं आणि थेट तिसरी खाच गाठली. टक् असा आवाज झाला. आरशातला माणूस चार वर्षांनी लहान दिसू लागला. मग पहाडाने श्वास सोडला.

"अहो, आता कशाला घातलात तो?" बायकोने दारातून विचारलं.

"माप बघत होतो."

"कुणाचं?"

पहाडाने वळून तिला पाठीमागची कळ दाखवली. ती हाडांच्या दवाखान्यात सोळा वर्षं लोकांची प्लास्टरं कापत होती, त्यामुळे अडकलेल्या माणसांची तिला सवय होती. तिने आधी तेल लावलं. तेलाने पहाड चकचकीत झाला आणि कळीवरून बोटं सटकू लागली. मग तिने टॉवेल पाण्यात भिजवून पट्ट्यावर गुंडाळला. "चामडं भिजलं की सैल पडतं. तासभर हलू नका," असं सांगून ती डबा भरायला गेली.

पाऊण तासात पट्टा खरंच बोटभर सैल झाला. आणखी पाव तास पहाड बसून राहता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याला गारठा वाटला, दोन शिंका आल्या, आणि त्याने बायकोचा केस वाळवायचा ड्रायर उचलून पट्ट्यावर धरला. ऊब छान वाटली. चामडं मात्र वाळता वाळता असं आकसलं की पहाडाला बसताही येईना.

"मी वाळवा म्हटलं होतं का?" बायको म्हणाली.

"सर्दी झाली असती."

"झाली असती तर औषध होतं तिच्यावर."

कोपऱ्यावरच्या चावीवाल्याला बोलावलं. त्याने पहाडाला खिडकीकडे पाठ करून उभं केलं, डोळ्याला भिंग लावलं, कळीत तार घालून पाहिली आणि तार पुसून पिशवीत ठेवली.

"कळ अगदी चांगली आहे," तो म्हणाला. "दोन बोटं ढील असेल तर लहान मूलही उघडेल. इथे माणूसच जास्त झालाय."

"मग उपाय काय?"

"पट्टा कापायचा, नाहीतर उपास करायचा. किती वाजता आहे तुमची कुस्ती?"

"पाचला."

"उपासाला वेळ नाही पुरायचा," असं म्हणून चावीवाला पायऱ्या उतरला.

पहाडाने मालकांना फोन केला आणि कापायची परवानगी मागितली.

"तीस वर्षांचा पट्टा आहे तो," मालक म्हणाले. "त्याला कात्री लावायची नाही. आणि हे बघ पहाड, द्यायचा नसेल तर तसं सरळ सांग ना. हे पोट फुगवून बसणं शोभत नाही तुला."

"मालक, देवाशप्पथ अडकलाय. वीस वर्षांत कधी पडायला नाही म्हटलंय का मी?"

"पडायला नाही म्हटलं नाहीस. पण मागच्या वर्षी गुडघ्याचं काय सांगितलं होतंस, तेही आहे लक्षात माझ्या."

म्हणजे मालकांनाही ठाऊक होतं. गेलं वर्षभर हा माणूस आपल्याला ओळखून होता आणि मूग गिळून बसला होता, हे कळल्यावर पट्टा आणखी एक खाच आवळल्यासारखा वाटला.

चावीवाल्याच्या पोटात तर काहीच राहत नसे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला त्याने झाला प्रकार सांगितला, आणि सांगता सांगता तो सुधारत नेला. दुपारी बारापर्यंत, पहाडाचा पट्टा अडकलाय, अशी बातमी होती. एकपर्यंत, पहाड पट्टा सोडत नाही, अशी झाली. दोन वाजता त्याने पट्टा अंगाला शिवून घेतला होता. अडीचला बहिणीचा फोन आला.

"दादा, खरं सांग. मुद्दाम केलंस ना?"

"तूसुद्धा?"

"पोरगं सकाळपासून जेवलं नाहीये. मला म्हणतं, आई, मला माहीतच होतं." तिने आवाज खाली आणला. "त्याला दे रे पट्टा. तुझ्याकडे राहून राहून किती वर्षं राहणार तो?"

"अगं, निघत नाहीये."

"बरं," बहीण म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ते "बरं" पहाडाला वीस वर्षांतल्या सगळ्या आपटण्यांपेक्षा जास्त लागलं. तोही दिवसभर जेवला नव्हता. इच्छा नव्हती आणि जागाही नव्हती.

सभागृहाच्या मागच्या खोलीत भिंतीला लागून एकच लांब बाकडं होतं. त्याच्या एका टोकाला पिल्लू बुटांच्या नाड्या बांधत बसला होता, दुसऱ्या टोकाला पहाड उभा होता, कारण त्याला बसता येत नव्हतं. मधे मालक येरझाऱ्या घालत होते.

"फोटोवाले त्या एका फोटोसाठी आलेत," ते म्हणाले. "नवा चॅम्पियन पट्टा डोक्यावर उचलतो तो फोटो. आता याने काय उचलायचं? रिकामे हात?"

पिल्लू नाड्यांकडे बघत मालकांना म्हणाला, "त्यांना विचारा. त्यांचाच पट्टा आहे."

पहाडाने पुन्हा एकदा पाठीमागे हात नेऊन कळ ओढून पाहिली. तेवढ्यात बायको दवाखान्यातून आली. तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला, पर्स उघडून प्लास्टर कापायचं यंत्र दाखवलं आणि मालकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुस्ती संपली की मी हे चालवणार. पट्टा तीस वर्षांचा असेल. नवरा बावन्न वर्षांचा आहे."

पाच वाजता पहाड रिंगमध्ये उतरला तेव्हा लोक उठून त्याच्या नावाने ओरडले, पण कौतुकाने नव्हे. वीस मिनिटं त्याने मार खाल्ला. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, फक्त त्याला श्वास पुरत नव्हता आणि घामाच्या धारा लागल्या होत्या. शेवटी पिल्लूने त्याला खांद्यावरून खाली आपटलं. पंचाने एक, दोन, तीन मोजलं, घंटा वाजली, आणि पहाड चॅम्पियन उरला नाही.

तो गुडघ्यांवर बसला. हेच त्याने महिनाभर मनात घोळवलं होतं. पंचाने पाठीमागून कळ दाबून पाहिली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. दोन हजार लोकांना एवढंच दिसलं की हरलेला म्हातारा पट्टा देत नाही. कुणीतरी पाण्याची बाटली फेकली. ती पहाडाच्या पाठीवर बसली, आणि मग बाटल्यांची रांगच लागली.

पिल्लू त्याच्यासमोर उभा होता. लोकांना त्याचा चेहरा संतापलेला दिसत होता. पहाडाला जवळून त्यात दहा वर्षांचा पिल्लू दिसला, ज्याला सायकलवरून फिरवून आणतो म्हणून सांगितलं आणि नेलंच नाही असा.

"पिल्लू," वर्षभरानंतर पहिल्यांदा पहाड म्हणाला, "शप्पथ सांगतो. खरंच निघत नाहीये रे."

पिल्लूने वाकून पट्ट्याच्या आत बोट घालायचा प्रयत्न केला. नखसुद्धा शिरेना. वरच्या कातडीवर लाल वळ उठले होते. तो क्षणभर तसाच वाकून राहिला, आणि पहाडाला दिसलं की पोराचे ओठ हलताहेत. तो हसू दाबत होता.

"मामा, कुठल्या खाचेत लावलास?"

"तिसऱ्या."

"आरशासमोर?"

"हो."

"श्वास धर," पिल्लू म्हणाला. "पाय सैल सोड."

"अरे, एकशे अठरा किलो..."

"धर म्हटलं ना."

फोटोवाल्यांना पट्टा डोक्यावर हवा होता. पिल्लूने एक हात मामाच्या मानेखाली आणि एक मांडीखाली घातला, दात आवळले आणि पट्टा डोक्यावर उचलला. पट्ट्यात मामा होता, तोही वर गेला.

सभागृहात छप्पर हलेल असा आवाज उठला. आडव्या झालेल्या पहाडाला वर दिव्यांच्या रांगा दिसत होत्या, आणि अंगाखाली पोराचे सरळ ताठ हात जाणवत होते. खालचा गुडघा जराही थरथरत नव्हता. पहाडाला भयंकर लाज वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. एवढ्या गोंगाटात कुणाला ऐकू जाणार नाही हे पाहून तो म्हणाला, "मागच्या वर्षी मी खोटं बोललो. तुझ्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. चुकलं माझं."

"माहितेय," खालून उत्तर आलं. "हलू नकोस."

मागच्या खोलीत मालक हात चोळत आले. "पुढच्या सहा शहरांत हेच करायचं," ते म्हणाले. "पट्टा उचलायचा तो पहाडासकट. असा फोटो तीस वर्षांत निघाला नव्हता." पहाड उद्यापासून निवृत्त होता, गोदामात पोस्टरं सांभाळायला लागणार होता, हे ते साफ विसरले होते. पहाडानेही आठवण करून दिली नाही. मालक पत्रकारांकडे गेले आणि खोलीत मामा-भाचेच उरले.

पिल्लू बाकड्यावर बसून पाण्याचे घोट घेत होता. मधे वर्षभराची शांतता अजून थोडी शिल्लक होती. त्याच्या बुटांच्या नाड्या सोडाव्यात म्हणून पहाड समोर जपून खाली बसला आणि वाकला. तो बसू शकला हेच आधी त्याच्या लक्षात आलं नाही.

"आता पंचाईतच आहे," पिल्लू म्हणाला. "पट्टा चॅम्पियनच्या घरी राहायला हवा. रिवाज आहे."

"मग?"

"मग तुला माझ्याकडे न्यायचं, नाहीतर मी तुझ्याकडे यायचं. आमच्याकडे पलंग लहान आहे." त्याने बाटलीचं झाकण लावलं. "जेवायला काय असेल मामीकडे?"

पहाड उत्तर देणार तेवढ्यात पाठीमागे टक् झालं. वीस मिनिटांच्या घामाने चामडं पार भिजून सैल पडलं होतं, दिवसभराच्या उपासाने पोटही थोडं आत गेलं होतं, आणि कळ आपसूक उघडली होती. कमरेवरची पकड सुटली. सकाळपासून पहिल्यांदा पहाडाला पोटभर श्वास घेता आला.

"कसला आवाज झाला?" पिल्लूने विचारलं.

"पाठ वाजली," पहाड म्हणाला.

त्याने दोन्ही हात पाठ चोळण्यासाठी म्हणून मागे नेले, तोच पोटभर श्वास पुन्हा आत ओढला, पोट बरगड्यांखाली कोंबलं आणि पट्टा तिसऱ्या खाचेत दाबून बसवला. मग मान वळवली तर दारात बायको उभी होती. त्याच्या पाठीकडेच बघत होती, आणि तिच्या हातात यंत्र होतं.

पहाडाने दोन्ही हात पटकन पुढे आणले.

बायकोने पट्ट्याकडे पाहिलं, बाकड्यावरच्या भाच्याकडे पाहिलं, आणि यंत्र परत पर्समध्ये ठेवून चेन ओढली.

"आज काही हा निघेल असं वाटत नाही," ती म्हणाली. "चला दोघं. भात टाकायचाय मला."