गोलरेषेवरचा उबाल्दो

"मुंगीनं गोलरेषा ओलांडली तरी मला दिसेल!" उबाल्दो पिएरिनीनं कॉफीचा कप खाली ठेवत जाहीर केलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे नजर हा विषय त्याच्या मालकीचा.

"काल दुधानं पातेलं ओलांडलं, ते नाही दिसलं!" बायको लोरेदाना म्हणाली.

"ते माझ्या हद्दीत येत नाही!"

खोऱ्यातल्या फुटबॉल करंडकाच्या अंतिम सामन्याला यंदा प्रथमच दोन्ही गोलांजवळ एकेक जादा पंच उभा राहणार होता; त्यातला एक उबाल्दो. मोंतेलारो विरुद्ध वाल्देसा. मुख्य पंच तारचीझियो, गावातला दातांचा डॉक्टर. त्यानं उबाल्दोच्या कमरेला रेडिओची डबी अडकवली आणि तोंडासमोर माइक लावला.

"तू गोलखांबाच्या डावीकडे, रेषेला खेटून. उजवीकडून झेंडेवाला रेमिजो बघेल, समोरून मी. झेंडा नाही, शिट्टी नाही, हातवारे नाहीत. चेंडू पूर्ण पलीकडे गेला तरच 'आत' म्हणायचं. एरवी तोंड बंद!"

आयुष्यभर लोकांना 'आ करा' सांगणारा माणूस तोंड बंद म्हणतोय, म्हणजे प्रकरण गंभीर!

सामना सुरू झाला आणि उबाल्दो कोट अडकवायच्या खुंटीसारखा उभा राहिला. चेंडू त्याच्याकडे फिरकेना.

"ओ साहेब, बस इथे थांबत नाही!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा स्टँड हसला.

त्या स्टँडच्या पहिल्याच रांगेत, गळ्यात वाल्देसाचा निळा मफलर घालून बसल्या होत्या त्याच्या सासूबाई, आर्जाबाई. वाल्देसा त्यांचं माहेर. पण त्यांचं लक्ष खेळापेक्षा जावयाच्या पाठीकडे होतं. डबीच्या वजनानं त्याचा शर्ट वर सरकला होता, आणि डोंगरावरून वारा सुटला होता. पाठीला वारा लागला की माणूस संपला, अशी त्यांची पक्की समजूत!

शेवटची काही मिनिटं. गोल एकही नाही. मोंतेलारोची कॉर्नर किक आली, गोलासमोर धुमश्चक्री उडाली. वाल्देसाच्या गोलकीपरनं चेंडू रेषेच्या अलीकडेच छातीशी कवटाळला. उबाल्दोला स्वच्छ दिसलं. त्यानं शिस्तीत तोंड बंद ठेवलं.

"अहो जावईबापू! पाठ उघडी पडलीय! शर्ट आत! आत! आत!"

रेडिओनं नेमकं शेवटचं तेवढं उचललं. तारचीझियोनं जोरात शिट्टी फुंकली. गोल!

मोंतेलारोचे खेळाडू आधी चक्रावले आणि मग एकमेकांच्या गळ्यात पडले. वाल्देसाचे अकराच्या अकरा उबाल्दोवर धावून आले.

"मी नाही! मी नाही बोललो!" उबाल्दो माइकमध्ये किंचाळला.

"मग कोण?" तारचीझियो.

"सासूबाई!"

तारचीझियोनं खिशातून पंचांची यादी काढली.

"त्यांची नेमणूक कुठे आहे?"

"माझ्या मागे. पहिल्या रांगेत."

"तरी म्हटलं आवाज बायकी कसा!" रेमिजो म्हणाला. "मला वाटलं, उबाल्दो घाबरलाय."

गोल रद्द झाला. आता धावून यायची पाळी मोंतेलारोची होती. उबाल्दोला वाटलं, जाळ्यात तोंड लपवावं.

आणि तेवढ्यात मोंतेलारोच्या पुढच्या हल्ल्यात चेंडू आडव्या खांबाच्या खालच्या बाजूला आदळला, रेषेच्या पलीकडे टप्पा घेऊन बाहेर उसळला! गोलकीपरनं तो दूर भिरकावला. तारचीझियोच्या समोर गर्दी, रेमिजो अजून धावतोय. चेंडू आणि रेषा यांच्यामधलं हिरवं गवत फक्त उबाल्दोनं पाहिलं होतं.

"आत! आत! आत!"

"कोण बोलतंय?"

"उबाल्दो!"

"शर्टाबद्दल?"

"चेंडूबद्दल! देवाशपथ!"

तारचीझियोनं शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि घुटमळला. एवढ्यात रेडिओत तोच खणखणीत आवाज आला, "डॉक्टर, फुंका की! वीतभर आत होता!"

वाल्देसाच्या कर्णधाराचा चेहरा पडला. "आत्या, अगं तू आपल्या गावची ना?"

"गावची आहे, आंधळी नाही!"

शिट्टी वाजली. वाल्देसाच्या कर्णधारानं चेंडू उचलून मधल्या वर्तुळात नेला. मोंतेलारो जिंकलं, आणि जाताना तारचीझियोनं उबाल्दोच्या पाठीवर थापही मारली. शर्ट अजून बाहेरच होता.

पुढच्या वर्षी करंडकाच्या तोंडावर समितीचा फोन आला. उबाल्दोनं घसा खाकरून उचलला.

"पिएरिनी बोलतोय. गोलरेषेसाठी ना? मी तयार आहे!"

"छान, छान," पलीकडून आवाज आला. "जरा सासूबाईंना देता का?"