दोन इंच खाली

एका लाकडी स्टुलावर भागणारी गोष्ट होती. बायकोने सांगितलंही होतं, "अहो, गाडीच्या दाराशी एक स्टूल ठेवा, सासूबाई चढतील आपोआप." पण ज्या माणसाला अख्खी कचेरी 'फूटपट्टी' म्हणते, त्याला स्टूल कसं पटणार?

फूटपट्टी नकाशे काढायच्या कचेरीत आरेखक होता. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी कायमची. (लग्नातही होती, असं बायको शपथेवर सांगते.) आईचे गुडघे गेलेले. गाडीत चढता येत नाही म्हणून तीन वर्षांत तिची धाकट्या बहिणीशी भेट नव्हती. तास-दीड तासाचा रस्ता, आणि दोघी फोनवर रडायच्या. ते बघून आपल्या शहाण्याचं काळीज हललं. त्याने आईचा पाय मोजला. बारा इंच उचलला जातो. गाडीच्या दाराचा काठ मोजला. चौदा इंच.

"दोन इंचांचा प्रश्न आहे!" तो म्हणाला, आणि गॅरेजमध्ये जाऊन आखूड स्प्रिंगा बसवून गाडीच दोन इंच खाली उतरवून आणली.

गॅरेजवाला म्हणाला होता, "साहेब, उतरवल्यावर चाकांचा कोन बदलतो. अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर खातील."

"गाडी सरळ जातेय ना? मग झालं तर!" हात सोडूनसुद्धा सरळ जात होती, हे खरंच आहे. दोन्ही चाकं सारखीच वाकडी झाली की कुणाची तक्रार नसते.

आई गाडीत बसली, अगदी सहज. उतरताना मात्र सीटमध्ये बुडालीच. एका बाजूने मुलगा, दुसऱ्या बाजूने सून, अशी ओढाताण झाल्यावर ती बाहेर आली, आणि धापा टाकत चाकांकडे बघत राहिली.

"अरे, ही माझ्यासारखी उभी राहायला लागली. पाय बघ कसे फाकलेत."

"आई, काहीतरीच!"

"काहीतरीच काय? माझ्या चपला बघ. बाहेरून नव्या, आतून फाटक्या. हिचंही तेच होणार."

फूटपट्टी हसला. त्या दिवसापासून दर रविवारी तो टायरच्या खाचेत पट्टी घालून खोली मोजायचा आणि वहीत लिहायचा: 'जसाच्या तसा.' पट्टी बाहेरच्या कडेलाच पोचायची. आतली कड बघायला जमिनीवर झोपावं लागलं असतं, आणि त्याचं पोट मध्ये यायचं. मोजून होईतो ऊन चढायचं. मग आईला म्हणायचा, "आज नको, पुढच्या रविवारी जाऊ." असे सहा महिने गेले. गाडी रोज कचेरीत जायची, बहिणीकडे काही जाईना.

मग मावशीचा फोन आला. मुलगा परदेशात, तो तिला कायमची घेऊन चालला होता. रविवारी दुपारी तीनला निघणार. "ताई, एकदा ये गं," एवढंच म्हणाली.

रविवारी बाराला तिघं निघाली. आईने नवी साडी नेसलेली, मांडीवर बहिणीसाठी विणलेला स्वेटर. अर्ध्या रस्त्यात फाड्‌कन आवाज झाला आणि पुढचं टायर बसलं.

"स्टेपनी आहे. वीस मिनिटांचं काम," फूटपट्टी म्हणाला.

जॅक काढला. जॅक गाडीखाली जाईना. मुळात उतरवलेली गाडी, त्यात टायर बसलेलं! त्याने सवयीने पट्टी लावली. जॅक साडेपाच इंच, जागा साडेतीन.

"किती आहे ते कळलं ना आता?" बायको म्हणाली. "आता आत घाला!"

रस्ता ओसाड. दीड तासाने एक ट्रकवाला थांबला. त्याने चाकापुढे जाड फळी टाकली, गाडी फळीवर चढवली, जॅक आत सरकवला आणि टायर काढून फूटपट्टीसमोर आडवं धरलं. बाहेरून नवं कोरं. आतून गुळगुळीत, तारा बाहेर आलेल्या.

"कधी बघितलं नाही का, साहेब?"

"दर रविवारी मोजतो," फूटपट्टी पुटपुटला.

आईने पायातली चप्पल काढून उलटी केली, बघितली, आणि पुन्हा घातली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

पोचले तेव्हा पावणेचार झाले होते. दाराला कुलूप. शेजारीण बाहेर आली. "सव्वातीनपर्यंत थांबल्या होत्या हो. सारख्या रस्त्याकडे बघत होत्या. हे तुमच्यासाठी ठेवून गेल्यात."

ते एक लाकडी स्टूल होतं. ठेंगणं, रुंद, घसरू नये म्हणून वर रबर ठोकलेलं. आई त्या बंद दारासमोर त्याच स्टुलावर बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. फूटपट्टी शेजारी उभा होता. आपण किती गाढव आहोत हे मोजायला त्याच्याकडे पट्टी नव्हती.

दुसऱ्याच दिवशी त्याने जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या, दोन टायर बदलली, अलाइनमेंटही केली. (गॅरेजवाला हसला नाही, हे त्याचे उपकार.) मग दाराशी मावशीचं स्टूल ठेवलं. आई एक पाय स्टुलावर, एक गाडीत, अशी अलगद चढली. तशीच, कुणी हात न लावता, उतरली.

फूटपट्टीला राहवेना. त्याने वाकून स्टूल मोजलं. सात इंच. चौदाच्या बरोबर निम्मं! ना एक सूत जास्त, ना कमी.

"आई," तो थक्क होऊन म्हणाला, "मावशीने तर ही गाडी कधी बघितलीसुद्धा नाही. एवढं अचूक माप तिला कसं सापडलं?"

आईने स्वेटरची घडी नीट केली.

"तिने मला विचारलं," ती म्हणाली.