मधली टपरी

कापूरहोळ फाट्यावर सोनबाचा ढाबा आणि मंगलबाईंचा ढाबा. बरोबर मध्ये गेनूची पंक्चरची टपरी, निम्मी सोनबाच्या जागेत, निम्मी मंगलबाईंच्या. दोघांचं सात वर्षांचं वैर. एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून दोघांनाही टपरी हवीच होती. गेनू सकाळी इकडं जेवायचा, संध्याकाळी तिकडं.

एक दिवस सोनबा म्हणाला, "गेनू, शिडी दे. हिच्या बोर्डामागं माझा दिसंना."

गेनूनं दिली. दुपारी मंगलबाई हजर. "त्येला दिलीस, मग मला का न्हाई?"

तिलाही दिली. महिन्याभरात दोन्ही बोर्ड वाढत वाढत टपरीच्या पत्र्यावर आले आणि गेनूचा 'पंक्चर' त्यांच्याआड गेला. गिऱ्हाईक फिरकेना.

शिवऱ्याच्या शाळेतले सम्राट गुरुजी तेवढे पंक्चर झालेली गाडी ढकलत आले. स्वतःचा बोर्ड झाकला तरी शिडी का देतोस, असं त्यांनी विचारलं.

"म्या तटस्थ हाय गुरुजी. दोगांनाबी शिडी देतो."

"मग दोन्हीकडं हत्यारं इकणारा देशबी तटस्थच म्हणायचा! आरं, खरा तटस्थ देश कुणालाच काय देत न्हाई. मग दोन्हीकडनं शिव्या खातो."

"आन जेवतो कुठं?"

"त्ये पुस्तकात न्हाई."

गेनूनं मनावर घेतलं. त्या वेळी सोनबा आणि मंगलबाई टपरीच्या दोन टोकांना वर चढून खिळे ठोकत होती. गेनूनं शिडी काढली, आत नेली, कुलूप घातलं.

"आजपास्नं शिडी कुणालाच न्हाई!"

"आरं मुडद्या, आमी वर हाय!" सात वर्षांत दोघं पहिल्यांदाच एका सुरात बोलली.

"दोगंबी वरच हायसा. अन्याव कुणावरच न्हाई."

पत्रा तापला. तासभर दोघांनी मिळून गेनूचा उद्धार केला. मग मंगलबाईंनी कमरेची तंबाखू पुढं केली. सोनबा म्हणाला, "तुमच्या रश्श्याचं लई नाव ऐकतो बगा." वरून हसू ऐकू आलं. तशी गेनूनं धावत कुलूप काढून शिडी लावली.

सोनबानं हात देऊन मंगलबाईंना उतरवलं.

"गेनू, तुजे लई उपकार. आमी आता मिळून एकच ढाबा टाकतोय. मोठा!"

"झ्याक! बोर्डाला शिडी देऊ?"

"बोर्डाचं मागनं बगू," मंगलबाई मायेनं म्हणाल्या. "आदी ही मधली टपरी काडाय पायजे."

पत्रा सोडवायला दोघं पुन्हा वर चढली. गेनूनं खालून शिडी घट्ट धरली. दोघांसाठी सारखीच.