मास्तरांची खालची दाढ

"खालची नाही, मास्तरकाका. वरची किडलीय," डॉक्टरीण म्हणाली, आणि टेलरमास्तरांनी खुर्चीतल्या खुर्चीत तोंड मिटून घेतलं. चाळीस वर्षं गावाची मापं घेणाऱ्या माणसाला स्वतःची कुठली दाढ दुखते ते कळू नये?

"पोरी, दुखतंय इथे." त्यांनी डाव्या गालाच्या खालच्या बाजूला बोट दाबलं. "आणि तू बघतेस तिथे!"

"दुखणं असंच फसवतं काका. मूळ वर असतं, कळ खाली जाते. हा फोटो बघा ना. खालची ठणठणीत आहे. वरचीत जुनं सिमेंट आहे, ते सुटलंय."

सिमेंटचं नाव निघताच मास्तर उठलेच. "हा फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. सिमेंट तुझ्या बाबांनी भरलंय, तेही खालच्या दाढेत. मी जिथं बोट ठेवलं, तीच दाढ त्यांनी धरली. वाद नाही, फोटो नाही. अठ्ठावीस वर्षं हूं की चूं केलं नाही तिनं!"

भिंतीवरच्या तसबिरीत मोठे डॉक्टर हसत होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचे पांढरे कोट मास्तर शिवायचे. माप द्यायला म्हणून आलेले डॉक्टर दुकानाच्या बाकावर तासभर गप्पा मारत बसायचे, आणि ही पोरगी शाळेच्या फ्रॉकसाठी हात पसरून उभी राहायची. मास्तरांना त्यांची फार आठवण यायची. त्यांच्या मागे मास्तरांनी कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं, तर ही त्यांच्याच कामात खोट काढत होती. दाढेपेक्षा ते जास्त दुखलं.

"तुझे बाबा असते तर..." एवढंच म्हणून ते तडक घरी आले.

"अहो, ती शिकलेली आहे. ऐका तिचं," बायको म्हणाली.

"दुसऱ्याच्या मापावर मी आजवर कापडाला कात्री लावली नाही. बॅटरी धर."

मास्तरांनी काजाचा जाड दोरा काढला. वरच्या दाढेला बांधून ओढायचा. दाढ किडकी असेल तर दुखेल, नाहीतर डॉक्टरीण खोटी! आरशासमोर आ वासून त्यांनी दोन बोटांनी दोरा दाढेभोवती फिरवला, वर गाठ मारली आणि ओढला.

गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असे ते ओरडले.

"दुखलं ना?" बायकोने विचारलं.

"दोरा रुतला म्हणून दुखलं! सोडव आधी."

पण मास्तरांची गाठ म्हणजे मास्तरांची गाठ. त्यांनी लावलेलं बटण शर्ट फाटला तरी निघत नसे. दोरा हिरडीत जाऊन बसला होता आणि त्याचं टोक ओठातून हनुवटीपर्यंत लोंबत होतं.

"थांबा, कात्री आणते," म्हणून बायको वळली. पण मास्तरांनी जन्मात दोरा कात्रीने तोडला नव्हता. समोरच्या दाताला त्याची खाचच पडली होती. सवयीने त्यांनी लोंबता दोरा त्या खाचेत धरला आणि कचकन चावले. दोरा जिथल्या तिथे राहिला. दाताचा तुकडा तळहातावर पडला.

रुमालाने तोंड झाकून ते पुन्हा दवाखान्याकडे निघाले, तर वाटेत एक गिऱ्हाईक भेटलंच. "मास्तर, माझी पँट झाली का?"

मास्तरांनी रुमाल काढून दोरा दाखवला. गिऱ्हाइकाने पुन्हा विचारलं नाही.

डॉक्टरणीने हसू लपवायला मास्क वर ओढला आणि दोरा कापून काढला. "काका, समोरचा दातही बांधावा लागणार आता. पण खालच्या दाढेत खरंच काही भरलेलं नाही हो. थांबा, बाबांची जुनी कार्डं आहेत."

कपाटातल्या खोक्यातून तिने पिवळं पडलेलं कार्ड काढलं, वाचलं आणि परत खोक्यात सारायला लागली.

"वाच," मास्तर म्हणाले.

"तक्रार, खालची डावी. दोष, वरची डावी. गृहस्थ शिंपी आहेत, माप स्वतःच घेतात. ऐकत नाहीत. वरची भरली, खालची भरली म्हणून सांगितलं. समाधानाने गेले. पुन्हा आल्यास वाद घालू नये."

मास्तर तसबिरीकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. डॉक्टरीण घाबरली. "काका, रडताय?"

"अडतीस!" मास्तर डोळे पुसत हसत होते. "तुझ्या बाबांची कंबर. ते मात्र कायम चौतीसच सांगायचे. टेप दाखवली तर म्हणायचे, टेप आटलीय. मग मी अडतीसची पँट शिवायचो आणि आत चौतीसची चिठ्ठी लावायचो. घालून बघायचे आणि म्हणायचे, मास्तर, तुमच्यासारखं माप कुणाला जमत नाही!"

डॉक्टरणीने मास्क काढला आणि ती पोटभर हसली. बाबा गेल्यापासून त्या खोलीत इतकं कुणी हसलं नव्हतं. डोळे तिचेही भरून आले होते.

मास्तर खुर्चीत मागे टेकले. "चल, कर तुझी वरची."

"वरची कुठली काका?" सुई उचलत ती म्हणाली. "मी खालचीच करतेय."

संध्याकाळी सुजलेला गाल घेऊन मास्तर घरी आले.

"मग? कुठली निघाली?" बायकोने विचारलं.

"खालची," मास्तर म्हणाले, आणि समाधानाने मशीनवर बसले.