पाणवठ्याचा एकपात्री प्रयोग

एका जंगलात, बाळांनो, आपल्या इथल्या नव्हे, पार दक्षिण आफ्रिकेतल्या, सिंह आणि हरणं एकच भाषा बोलत. आफ्रिकान्स. सिंह म्हणत, ही आमची भाषा. हरणांना कुणी विचारलंच नव्हतं.

तिथे कोबुस नावाचा सिंह होता. त्याच्या आजोबांनी हरणांना हाकलून पाणवठ्याभोवती कुंपण घातलं होतं. कोबुस मात्र भारी हळवा. तो एकपात्री नाटकं करायचा.

एकदा तो सीना नावाच्या हरणीकडे आला. म्हणाला, "मावशी, तुमच्यावर काय काय बेतलं ते सांगा. मला नाटक लिहायचंय."

सीनाने सगळं सांगितलं. मग म्हणाली, "धाकटे मालक, माझी आई म्हातारी झालीय. नदी दोन दिवसांच्या वाटेवर. तिला एवढं चालवत नाही. तेवढं पाण्याचं बघा."

"हे वाक्य फार सुंदर आहे," कोबुस म्हणाला, आणि त्याने ते लिहून घेतलं.

हसू नका रे, पुढे ऐका.

ऐन उन्हाळ्यात नाट्यमहोत्सव भरला. तिसरी घंटा झाली. नाट्यगृह सिंहांनी गच्च. सीनाला फुकट पास मिळाला होता, शेवटच्या रांगेतला. तिची आई बाहेर झाडाखाली थांबली होती. कोबुसने तासभर आजोबांचा उद्धार केला. सिंहिणी मुसमुसायला लागल्या. शेवटी तो गुडघे टेकून म्हणाला, "सीनामावशी, फाटक उघडं आहे. आईला घेऊन जा. पाणी तुमचंच आहे."

सीना उठली. आईला आधार देत थेट पाणवठ्यावर गेली. भोळी बिचारी, दुसरं काय.

फाटकाला कुलूप होतं. राखणीला तरस होता.

"मालकांनी जा म्हटलंय," सीना म्हणाली.

"कुठे म्हटलं?"

"स्टेजवर."

"मग स्टेजवर जाऊन प्या."

तिकडे सिंह उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या पाणवठ्यापर्यंत ऐकू येत होत्या. सीनाची आई कुंपणाला टेकून बसली, ती पुन्हा उठली नाही.

कोबुसला कळलं तेव्हा तो खरंच रडला. खोटं कशाला बोलू, दोन दिवस जेवला नाही. कुलपाची किल्ली त्याच्याच गळ्यात होती. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे पुसले आणि तो लिहायला बसला.

पुढच्या वर्षी त्याचं नवं नाटक आलं. त्यात म्हातारी होती, कुलूप होतं, तरससुद्धा होता. आधीपेक्षा मोठं बक्षीस मिळालं. सीनाला या वेळी पहिल्या रांगेतला पास पाठवला होता, पण ती आली नाही. पाणी प्यायला नदीवर गेली होती.

"या हरणांना नाटकाची आवडच नाही," सिंह म्हणाले.

तात्पर्य: आपली चूक भरल्या गळ्याने, चारचौघांत कबूल करावी. सुधारू मात्र नये. सुधारली तर पुढच्या वर्षी बोलायचं काय?